ज्येष्ठांचा सत्कार करताना : कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या कामाच्या नोंदी, चुकांसकट

१३ जुलै २०२५, रविवार

गणपतीच्या तयारीसाठी तालमीत, म्हणजे आमच्या पेठेच्या मंडळात, बैठक झाली. मूर्ती, मांडव, वर्गणी हे विषय उरकल्यावर एकानं सुचवलं की यंदा डॉल्बीवर उडवायचे पैसे वाचवू आणि पेठेत जन्मभर लोकांच्या उपयोगी पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा सत्कार करू. कुणी नाही म्हटलं नाही. मी खजिनदार, म्हणून काम माझ्या गळ्यात. दुसरीकडे कुणी असं करायला घेतलं तर उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवतोय.

तारीख ठरली १ ऑक्टोबर. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ज्येष्ठांसाठी ठरवलाय, हे एकानं मोबाईलवर शोधून मोठ्यानं वाचलं आणि टाळ्या पडल्या. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं कुणाला सुचलं नाही. त्याचं फळ पुढं येईलच.

यादी वीस मिनिटांत झाली. चौदा नावं.

१४ जुलै

चूक क्रमांक एक. एका दुकानात शालींवर सूट आहे कळलं आणि मी पंधरा शाली उचलल्या. २८० रुपयांची एक, म्हणजे ४,२०० रुपये. माणसं नक्की नाहीत, हॉल नक्की नाही, आणि शाली घरी कपाटावर.

रात्री आईनं यादी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "ह्यात बाई एक पण न्हाई व्हय?"

खरंच नव्हती. रात्री नऊला तालमीच्या कट्ट्यावर बसून केलेली यादी, तिथं बसणाऱ्यांना जे आठवले तेच आले.

२० जुलै, रविवार

पद्धत बदलली. "पेठेत समाजसेवा कोण करतं?" असं विचारलं की लोक नगरसेवकाचं नाव सांगतात, नाहीतर ज्याचा फ्लेक्स चौकात आहे त्याचं. म्हणून दुपारी दोन ते चार दारोदार फिरायचं ठरवलं, तेव्हा बायका घरात जरा निवांत असतात. प्रश्न दोनच. "रात्री अडचण आली तर पहिला कुणाच्या दारात जाता?" आणि "२०१९ च्या पुरात तुमच्याकडं जेवण, पाणी कुणी आणलं?"

दुसऱ्या प्रश्नानं कुलूप उघडलं. पेठेत कुणालाही २०१९ म्हणा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टात, जिथं ही पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर, पाणी ५५ च्या वर गेलं. नदीकाठचे उपसा पंप पाण्याखाली गेले, म्हणजे चारी बाजूंना पाणी आणि नळाला थेंब नाही. पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळे दूध, भाजी, गॅस सगळंच अडलं. त्या दिवसांत कोण कोण राबलं हे लोकांना तारीखवार आठवतं, फक्त कुणी विचारत नाही.

तीन दुपारींत एकवीस नवी नावं निघाली. त्यांतली तेरा बायकांची. जुन्या चौदांपैकी पाच जण असे निघाले की त्यांच्या शेजारच्या घरालासुद्धा त्यांचं काम ठाऊक नव्हतं. ती नावं काढताना तालमीत जी आदळआपट झाली ती इथं लिहीत नाही.

२६ जुलै

ऑनलाइन फॉर्म बनवला होता : नाव, वय, कार्यक्षेत्र, उल्लेखनीय कामगिरी. तीसपैकी तिघांनी भरला, तोही नातवंडांनी. 'उल्लेखनीय कामगिरी'समोर एका आजींनी नातवाकडून लिहून घेतलं होतं, "काही नाही."

फॉर्म बंद. प्रत्यक्ष जाऊन बसायचं.

शब्दाचीही अडचण झाली. कार्यक्रमाचं नाव 'ज्येष्ठ स्वयंसेवक सत्कार' ठेवलं होतं. एक नाना म्हणाले, "मी कुठल्या शाखेत नव्हतो बाबा." पेठेत गडी 'कार्यकर्ता' म्हणवून घेतात आणि बायका तेही नाही. त्या म्हणतात, "हातभार लावला." पत्रिकेवर नाव बदललं : 'हातभार'. एवढंच.

२ ऑगस्ट

पहिल्या पाच मुलाखती झाल्या, त्यांतल्या दोन पूर्ण वाया. मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो, घर पत्र्याचं, वर आषाढातला शिल्लक पाऊस श्रावणात कोसळतोय. घरी येऊन ऐकलं तर पन्नास मिनिटं नुसता तडतडाट आणि मधूनच माझं "हं, हं." त्यानंतर मोबाईल थेट त्यांच्या खिशात नाहीतर पदराला चिमट्यानं अडकवून ठेवला. पंखा बंद करायला सांगायचा. टीव्हीसुद्धा.

बोललेलं आपोआप टाइप करणाऱ्या अ‍ॅपवर भरवसा ठेवला, तोही चुकला. आपली बोली त्याला कळत नाही. पंचगंगा स्मशानभूमीसाठी होळीच्या वेळी शेण्या (गोवऱ्या) गोळा करणाऱ्या मामांची मुलाखत होती. सगळीकडं 'शेणी दान'चं 'श्रेणी दान' झालं होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी : कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाहीत. दहन शेण्यांवर होतं, आणि त्या शेण्या बऱ्याचशा लोकांच्या दानातून येतात. होळी लहान करा, उरलेल्या शेण्या स्मशानाला द्या, असं दरवर्षी सांगितलं जातं. मामा होळीच्या आधी आठवडाभर हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरतात. वय ७४.

शेवटी हातानंच लिहून काढायला बसलो. एका तासाच्या बोलण्याला मला साडेचार तास लागतात. हा हिशोब आधीच धरा. आम्ही धरला नव्हता, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथंच गेला.

१० ऑगस्ट, रविवार

आज तात्यांकडं गेलो. यादीतलं पहिलं नाव. कट्ट्याच्या यादीतही होते आणि दारोदारच्या यादीतही, असे चौघेच.

तात्यांच्या दाराच्या चौकटीवर कोयत्यानं पाडलेल्या खाचा आहेत. गुडघ्याच्या वर २००५, छातीच्या वर २०१९ आणि २०२१. रंग देताना सुनेनं त्या खाचा बुजवू दिल्या नाहीत, नुसता आजूबाजूनं ब्रश फिरवला. आत फळीवर शंभर पानी वही. पेन्सिलीनं ओळी आखलेल्या : तारीख, वेळ, बंधाऱ्यावरचे फूट आणि इंच, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे, आणि शेवटच्या रकान्यात 'आपल्याकडं'. त्या रकान्यात असं लिहिलेलं : 'वडाच्या पारापर्यंत', 'गटार उलटं वाहतंय', 'तिसऱ्या घराचा उंबरा'. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे आम्ही पेपरात वाचतो आणि विसरतो. तात्यांनी दरवाजा उघडल्यानंतर आपल्या गल्लीत किती तासांनी काय होतं ते वीस वर्षं लिहून ठेवलंय. पुराच्या वेळी ते ओरडत फिरत नाहीत. "आजीला रात्री झोपायच्या आधी हलवा, पहाटे जमणार नाही," एवढंच ज्याला सांगायचं त्याला सांगतात.

मी सत्काराचं सांगितलं. म्हणाले, "नको."

मी म्हटलं, "तात्या, पेठेची इच्छा आहे."

"पेठेची इच्छा असंल तर ही घे." उठले, खुंटीवरची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. तालमीमागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली. दोर, ट्रकच्या ट्यूबा, बॅटऱ्या सगळं त्यात. "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हाय. गुडघ्याच्या दोन्ही वाट्या गेल्यात. पुढच्या पाण्याला मी पाण्यात उतरणार न्हाई. शाल घालून काय करू? ही कुणीतरी घ्या म्हणून चार वर्षं सांगतोय, गणपतीच्या बैठकीत तुम्ही पुढचा विषय घेता."

मला आठवलं. खरंच घेतो.

किल्ली घेतली नाही. म्हणालो, बैठकीत ठेवतो. खाली आलो तेव्हा लाज वाटली, पण तोपर्यंत दार लागलं होतं.

१७ ऑगस्ट

मुलाखती १९ झाल्या. शालींचा प्रश्न निकालात निघाला, तोही वाईट. पुरात परसातला आड सगळ्यांना खुला करणाऱ्या आडवाल्या आजींनी ट्रंक उघडून दाखवली. सतरा शाली. एक इस्त्रीखाली घातलेली, दोन पाळण्यात. "चांगल्या हाईत, पण उन्हाळ्यात काय करायच्या?" इतरांकडंही थोड्याफार फरकानं हेच.

मग विचारत गेलो की काय लागतं. लाजत लाजत उत्तरं आली. काठीच्या टोकाचं रबर झिजलंय. रात्री उठायला छोटी बॅटरी. कान तपासायला कुणीतरी बरोबर यावं. एका काकांना त्यांच्या जुन्या फोटोची मोठी प्रत हवी होती. १९८९ च्या पुरातला फोटो, गुळाच्या काईलीत बसून माणसं बाहेर काढतानाचा. गुऱ्हाळातली ती भलीमोठी कढई पाण्यात होडीसारखी चालते, वल्हं मारणारा मात्र हुशार पाहिजे, नाहीतर जागेवर गरगर फिरते. फोटोत काका अठ्ठावीस वर्षांचे, उघडे, हसतायत.

शाली परत द्यायला दुकानात गेलो. "सुटीचा माल परत नाही."

गणपती

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर काही काम झालं नाही. कुणाकडून अपेक्षाही करू नका. मध्ये एक चांगली गोष्ट घडली : निर्माल्य गोळा करणाऱ्या दोन मावशी, ज्यांची मुलाखत राहिली होती, त्या विसर्जनाच्या रात्री घाटावर सापडल्या. त्यांच्या शेजारी उभा राहून, ढोलाच्या आवाजात, कागदावर लिहून घेतलं.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागलाय हे आज एका आजोबांनी सांगितलं. मानपत्राचा मजकूर तपासून घ्यायला गेलो तर म्हणाले, "पितरांच्या दिवसांत माझं गुणगान वाचून दाखवू नको लेका, अजून हाय मी." हसलो दोघंही, पण पंधरवडाभर असे चार जण भेटायलाच तयार झाले नाहीत.

मग एकदाचं कॅलेंडर बघितलं. १ ऑक्टोबर म्हणजे खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा. अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते नवरात्रात वाहनांना बंद, रिक्षा आत येणार नाही, निम्म्या बायकांचे उपवास, आणि तालमीतली पोरं आयुधपूजेत. दोन महिने आम्ही सगळ्यांना हीच तारीख सांगत होतो.

नवी तारीख : १२ ऑक्टोबर, रविवार. कोजागिरी झालेली, वसुबारस पाच दिवसांवर. काहीजण म्हणाले ५ डिसेंबर घेऊ, तोही स्वयंसेवकांचा जागतिक दिवस आहे, १९८५ पासून. मी म्हटलं, जागतिक दिवस पुरे झाले.

तारीख बदलल्यानं हॉलच्या अनामतीतले १,५०० रुपये कापले गेले. एका अर्थी बरंच झालं, कारण तो हॉल आम्ही नुसता फोनवर ठरवला होता. अनामत आणायला प्रत्यक्ष गेलो तेव्हा कळलं की तो पहिल्या मजल्यावर आहे. पायऱ्या मोजल्या : सव्वीस. लिफ्ट बंद. तात्यांचे गुडघे आणि या पायऱ्या यांची गाठ घालणारा मी कोण हुशार! केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, नाहीतर जुन्या माणसांना तिथं न्यायची हौस होती. शेवटी पेठेतल्या शाळेचं पटांगण मिळालं. भाडं नाही, उंबरा एकच, आणि मुतारी पंचवीस पावलांवर. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत आधी बघा.

१४ सप्टेंबर, रविवार

मानपत्रं लिहिली. पहिला मसुदा आमच्यातल्या एका शिक्षकांनी लिहिला होता : 'आपण निःस्वार्थ भावनेने अविरत केलेल्या समाजकार्याचा गौरव करताना आम्हांस अतीव आनंद होत आहे.' तेवीस जणांना एकच मजकूर, फक्त नाव बदलायचं. वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "हे कुणालाबी लागू हाय. मेलेल्यालाबी."

मग नियम केला. प्रत्येक मानपत्रात एक जागा, एक साल आणि एक तरी मोजता येईल अशी गोष्ट. विशेषणं बंद. शिक्षक दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच सगळ्यांत चांगली चार लिहिली. आडवाल्या आजींचं असं झालं :

'ऑगस्ट २०१९. पेठेतले नळ कोरडे होते. आपण परसातल्या आडावर रहाट चालू केला आणि दिंडी दरवाजा सात दिवस उघडा ठेवला. पहाटे पाचपासून रांग असे. वीज आली की मोटर, गेली की रहाट. एका घराला दोन कळशा, तान्हं मूल असेल तर तीन. पाणी उकळून प्या, असं प्रत्येकाला सांगितलंत. कुणाला नाव विचारलं नाहीत.'

वाचून झाल्यावर आजी म्हणाल्या, "कळशा तीन नव्हत्या, चार. आणि मी काय केलोय त्यात? पाणी देवाचं." चार केल्या.

यादी आता तेवीसवर थांबली. सात जणांनी नको म्हटलं, त्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठंच नाहीत. तात्या अजून 'नको'मध्ये.

१८ सप्टेंबर

बैठक. मी पहिलाच विषय किल्लीचा घेतला. खरं सांगतो, पुढचा विषय घ्या असं कुणीतरी म्हणालंच. मी उठलो नाही. पावणेदोन तासांनी तीन पोरं तयार झाली, तिघांनाही पोहता येतं, तिघंही पेठेत राहतात आणि कामाला एमआयडीसीत जातात. रात्रीची पाळी एकाचीच. त्यांची नावं आणि नंबर कागदावर लिहून तो कागद मी तात्यांकडं नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "ह्याचा बाप पोहायला घाबरायचा," एवढंच म्हणाले. मग, "येतो मी तुमच्या कार्यक्रमाला. फेटा नको."

म्हणजे आता चोवीस. पण मानपत्राची ऑर्डर तेवीसची दिली होती, आणि तात्यांनी मानपत्र नकोच म्हटलं.

२४ सप्टेंबर

छपाई. हा दिवस मी विसरणार नाही.

आमचा मजकूर युनिकोडमध्ये, डीटीपीवाल्याचं काम जुन्या फॉन्टमध्ये. रूपांतर केलं की जोडाक्षरं बिघडतात, हे मला माहीत नव्हतं. विशेषतः आपला अर्धा ऱ. 'पुऱ्या'चं 'पुर्या', 'पायऱ्या'चं 'पायर्या'. पूरग्रस्तांसाठी तीनशे पुऱ्या लाटणाऱ्या चार जावांच्या मानपत्रात एकही पुरी धड उरली नव्हती. हे सुटलं तर सुटलं, पण आडनावांतही तेच झालं होतं.

त्यापेक्षा मोठं पुढं. वेळ वाचवायला ऑपरेटरनं चौकटीची जुनी फाईल घेतली होती, कुणाच्या तरी पुण्यस्मरणाची. त्यात नावाच्या आधी 'कै.' होतं. बावीस ठिकाणी त्यानं काढलं, एका ठिकाणी राहिलं. आणि राहिलं कुणाचं, तर शेणीवाल्या मामांचं.

मी प्रूफ घेऊन त्यांच्याकडं गेलो, आपण काय हातात दिलंय ते न बघता. मामांनी वाचलं. बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मी विचारलं, काही चुकलंय का. म्हणाले, "न्हाई, बरोबर हाय. फक्त आता माझ्या शेण्या कोण गोळा करणार तेवढं सांग."

घरातले सगळे हसत होते. मी पाय धरले.

आता जे करायला हवं होतं ते करतोय : प्रत्येक प्रूफ संबंधित माणसाच्या घरी दोन जणांनी वाचायचं, एक घरातला, एक आमचा, आणि खाली सही. नाव मोठ्यानं अक्षर-अक्षर. सहा मानपत्रं पुन्हा छापली, ९० रुपयांप्रमाणे ५४० रुपये. ऑपरेटरनं स्वतःहून अर्धे घेतो म्हटलं, पण चूक आमचीही होती, पूर्ण दिले.

३ ऑक्टोबर

फेट्यावरून भांडण. कोल्हापुरात फेट्याशिवाय सत्कार म्हणजे सत्कार झालाच नाही, हे एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं, ऑक्टोबरचं ऊन, आठ-नऊ मीटर कापड, ऐंशीच्या पुढची डोकी. तयार फेटे आणून बघितले, कुणाला घट्ट, कुणाच्या कानावर. शेवटी ज्याला हवा त्याला बांधायचा असं ठरलं. बांधणारे दोघं सांगितले, कारण एका फेट्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि एकच माणूस असला तर पहिल्याचा फेटा सुटायला लागतो तेव्हा शेवटच्याचा बांधून होतो. विचारल्यावर गंमत कळली. नको म्हणतील असं वाटलेल्या सगळ्या आज्यांना फेटा हवा होता. जन्मात पहिल्यांदा.

प्रमुख पाहुणे बोलवायचे नाहीत, हेही आज पक्कं केलं. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात पाहुणे एक तास दहा मिनिटं उशिरा आले होते. तरणी माणसं चालवून घेतात, साखरेच्या गोळीची वेळ ठरलेली माणसं चालवून घेत नाहीत. मानपत्र द्यायचं ते ज्याला मदत झाली त्याच्या हातून.

१० ऑक्टोबर

पुस्तिका आली. २०० प्रती, प्रत्येकी ३४ रुपये. तेवीस जणांचं काम त्यांच्याच शब्दांत, आणि शेवटच्या चार पानांवर तात्यांच्या वहीतला तक्ता : बंधाऱ्यावर किती फूट झाले की पेठेत पाणी कुठं. तात्यांनी वही द्यायला खळखळ केली नाही, फक्त झेरॉक्सला मी स्वतः उभा राहावं ही अट. वेड्यासारखा उभा राहिलो, एकेक पान उलटून.

गावाकडं मुलाकडं राहायला गेलेले दोघं एसटीनं येणार. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे, पण त्यांतल्या एकांचं आधार कार्ड सापडत नव्हतं, ते शोधण्यात घरच्यांचा दिवस गेला. पेठेतल्यांसाठी बारा रिक्षा. रिक्षावाल्यांतल्या तिघांनी पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही दिले, कारण पुढच्या वर्षीही बोलवायचंय.

१२ ऑक्टोबर, रविवार : कार्यक्रम

साडेदहाची वेळ, दहा चाळीसला सुरू. नवव्या इयत्तेतल्या दोन मुलींनी मानपत्रं वाचली. आठवडाभर तालीम घेतली होती तरी एक मुलगी काईलवाल्या काकांच्या मानपत्राला अडखळली, कारण समोर तिचेच आजोबा. मंच ठेवला नव्हता. ज्येष्ठ पहिल्या दोन रांगांत हाताच्या खुर्च्यांवर, देणारे त्यांच्याजवळ जाणार.

काय चुकलं ते आधी. साऊंडचे दोन्ही बॉक्स पहिल्या रांगेच्या समोर लावले. चौघांच्या कानातली यंत्रं शिट्टी मारायला लागली, दोघांनी काढून खिशात टाकली आणि स्वतःचंच मानपत्र त्यांना ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं बॉक्स मागं नेले. मांडवाची सावली साडेदहाला बरोबर होती, पावणेबाराला पहिली रांग उन्हात. आदल्या दिवशी त्याच वेळी येऊन बघायला हवं होतं. एका आजींना घेरी आली, फेटा उतरवला, लिंबूपाणी दिलं, पाच मिनिटांत सावरल्या आणि पुन्हा फेटा मागितला. दोन फ्रेमची अदलाबदल झाली. पस्तीस मिनिटांचा अंदाज होता, लागला एक तास वीस मिनिटं, कारण देणारे नुसतं देऊन थांबत नव्हते, बोलत होते. ते थांबवणं आम्हाला जमलं नाही आणि जमायला नको होतं.

आडवाल्या आजींना मानपत्र द्यायला बारावीतला मुलगा आला. २०१९ ला तो अकरा वर्षांचा, कळशी घेऊन रांगेत. त्यानं वाकून नमस्कार केला. आजी म्हणाल्या, "तू तो न्हवं, दुसऱ्यांदा रांगेत घुसलेला?" मुलगा लाल झाला. "व्हय आजी." सगळं पटांगण हसलं.

तात्या शेवटच्या रांगेत बसले होते, टोपी घालून. शेवटी उठले, तिघा पोरांना जवळ बोलावलं आणि किल्ली मोठ्याच्या हातात दिली. माईक होता, पण ते काही बोलले नाहीत. टाळ्या उशिरा पडल्या, कारण बऱ्याच जणांना काय चाललंय ते कळलंच नव्हतं.

नाश्त्याला शिरा, उप्पीट, चहा. बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासात, वर चिठ्ठी लावलेली. चिठ्ठी निघून पडली. पुढचं लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर

हिशोब. जमा ३६,००० : मंडळाच्या शिलकीतून आणि सात दुकानदारांकडून. गणपतीची वर्गणी नुकतीच झालेली, म्हणून घरोघरी पुन्हा गेलो नाही. खर्च ४०,६२०. त्यात नाश्ता-चहा ८,१००, मानपत्रं फ्रेमसह ७,१३०, पुस्तिका ६,८००, साऊंड ३,०००, फेटे २,९९०, रिक्षा २,६४०, खुर्च्या १,६२०, तुळशीची रोपं ९२०, काठीची रबरं, बॅटऱ्या, झेरॉक्स असं किरकोळ १,१८०. उरलेले ६,२४० म्हणजे शाली, कापलेली अनामत आणि फेरछपाई, निव्वळ पाण्यात. तूट ४,६२०, ती मी आणि आणखी दोघांनी वाटून घेतली, १,५४० प्रत्येकी. काठीच्या रबरांचे एकूण ३६० रुपये झाले, आणि आभार मात्र सगळ्यांत जास्त त्याचेच मानले गेले.

शाली थंडीत सीपीआर या सरकारी दवाखान्याबाहेर झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना द्यायच्या ठरल्यात.

संध्याकाळी एक मावशी दारात आल्या. त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं म्हणून नाही, त्यांच्या शेजारणीचं नव्हतं म्हणून. ती बाई तेवीस वर्षं पेठेतल्या बाळंतिणींना तेल लावायला जाते, जिथं पैसे नाहीत तिथंही. आम्ही तिच्या दारात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा कुलूप. कुलूप का होतं ते आता कळलं. असे सुटलेले आतापर्यंत तीन. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

९ नोव्हेंबर, रविवार

कपाट उघडलं. तात्या, तिघं पोरं आणि मी. तात्यांना खुर्ची दिली, ते दारातच बसले आणि तिथूनच सांगत होते. बॅटऱ्या चार, तिघींतले सेल फुटून पाणी आलेलं, टाकल्या. शिट्ट्या पाच. कंदील एक, काच शाबूत. दोर दोन. एक ओढला तसा हातात तुटला, उंदरांनी मधोमध कुरतडलेला. तात्या काही बोलले नाहीत. दुसरा बरा होता.

मी टेप काढली. "टेप ठेव," तात्या म्हणाले. "हातानं मोज. पुरात टेप कोण हुडकतंय?"

मोठ्या पोरानं दोन्ही हात पसरून मोजला, मी लिहून घेतला. दोर एक, बारा वाव. ट्यूबा नऊ, हवा भरून घंगाळात बुडवून बघितल्या. पाच चांगल्या, चार पंक्चर काढायला गंगावेशीत टाकल्यात. बुधवारी आणायच्या. नवा दोर मी बघतो.